टॉवर उभे राहिले, पदे कुठे गेली?

३१ जानेवारी २०२० या एका दिवशी भारत संचार निगम लिमिटेड, म्हणजे आपल्या बोलण्यातले बीएसएनएल, या सरकारी कंपनीतून देशभरातील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. कंपनीत तेव्हा सुमारे दीड लाख कर्मचारी होते. म्हणजे निम्मे मनुष्यबळ एका दिवसात कमी झाले. नांदेड आणि लातूरचे लाईनमन, मेकॅनिक, ऑपरेटर, कारकून, अभियंते यांचाही त्यात वाटा होता. तोट्यातील कंपनीवरचा बोजा हलका झाला, असे तेव्हा सांगण्यात आले. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या दिवशी फक्त माणसे गेली की पदेही गेली? माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याचे पद मागे राहते, त्यावर दुसरा येतो, आणि ते पद राखीव असेल तर त्यावर आपल्या समाजाचा मुलगा किंवा मुलगी येते. येथे तसे झाले नाही. त्या जागा पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. दीड लाखांची कंपनी आज साठ हजारांच्या आत आली आहे. या घटनेकडे आपल्या चळवळीने जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

दूरसंचार खात्यातील नोकरीला आपल्या समाजाच्या दृष्टीने एक विशेष अर्थ आहे. गावगाड्यात निरोप पोहोचवणे हे महाराचे काम होते. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पायी जाणे, पाटलाचा निरोप नेणे, चावडीवर हजर राहणे, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे. या कामाला पगार नव्हता. बलुते होते, आणि तेही हक्काने मिळत नसे, हात पसरून घ्यावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच वेठीच्या विरोधात. मराठवाडा त्यावेळी निजामाच्या राज्यात होता. तिथला कायदा वेगळा होता, पण सांगावा नेणारे पाय आपलेच होते.

त्याच समाजाचा माणूस स्वतंत्र भारतात टेलिफोन खात्यात लागला. काम निरोप पोहोचवण्याचेच राहिले, पण आता त्या कामाला हजेरीपट होता, पगाराची तारीख होती, रजा होती, बढती होती आणि म्हातारपणी पेन्शन होती. हे आपोआप घडले नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री असताना १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. पुढे संविधानाच्या कलम १६(४) ने त्याला भक्कम पाया दिला, आणि आज केंद्रात अनुसूचित जातींना १५ टक्के व जमातींना ७.५ टक्के आरक्षण आहे. तेव्हा खांबावर चढणाऱ्या लाईनमनच्या कमरेला जो पट्टा होता, तो या आदेशांनी आणि संविधानाने बांधलेला होता, हे आपण विसरता कामा नये.

त्या नोकरीचे दिवस सुखाचे होते, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. या दोन जिल्ह्यांतील आपले बहुसंख्य लोक खात्यात वरच्या दाराने आले नाहीत. ते रोजंदारीवर आले. केबलसाठी चर खोदणे, खांब उभे करणे, ड्रम ओढणे ही कामे त्यांच्या वाट्याला आली. मस्टरवर नाव आज आहे, उद्या नाही. वर्षानुवर्षे राबूनही कायम कामगाराच्या तुलनेत मजुरी तुटपुंजी. शेवटी रोजंदारी कामगारांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २७ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यायालयाने पोस्ट व तार खात्याला ठणकावले की सरकारच असे शोषण करू शकत नाही, समान वेतन द्या आणि या कामगारांना कायम करण्याची योजना आखा. त्यातून १९८९ ची योजना आली. वर्षात २४० दिवस काम केलेल्या रोजंदाराला ‘टेम्पररी स्टेटस’ मिळू लागला आणि पुढे टप्प्याटप्प्याने तो रेग्युलर मजदूर झाला. चर खोदणारा माणूस परीक्षा देत फोन मेकॅनिक झाला, काही जण त्याच्याही वर गेले. अडाणी बापाचा हा प्रवास एका पिढीत झाला. जुन्या लाईनमनच्या तोंडून ‘टीएसएम झालो’ हे शब्द आजही ज्या अभिमानाने येतात, त्याचे कारण हे आहे.

खात्यात जात नव्हती, असेही आम्ही म्हणणार नाही. कोणत्याही सरकारी कचेरीत असते तशी ती तिथेही होती. ‘सरकारी जावई’ हा टोमणा, गोपनीय अहवालातील एखादी खोचक ओळ, अडगळीच्या ठिकाणची बदली, बढतीच्या वेळी बिंदूनामावलीत केली जाणारी चलाखी, हे अनुभव आरक्षणातून आलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांना नवे नाहीत. बढतीतील आरक्षणाचा प्रश्न तर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालापासून लोंबकळत राहिला. १९९५ ची ७७ वी आणि २००१ ची ८५ वी घटनादुरुस्ती झाली, २००६ च्या नागराज निकालाने पुन्हा अटी घातल्या. पण या सर्व अन्यायाविरुद्ध लढायला एक जागा होती. रोस्टर मागता येत होते, लायझन ऑफिसरकडे जाता येत होते, अनुसूचित जाती आयोगापुढे उभे राहता येत होते. अन्याय होता आणि त्यावर दादही होती. आज कंत्राटी तरुणाकडे अन्याय आहे, दाद मागण्याचे ठिकाण नाही. हा फरक फार मोठा आहे.

या पगाराने काय केले ते नांदेड-लातूरच्या वस्त्यांत फिरल्यावर दिसते. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जी जाळपोळ झाली, त्यात नांदेड जिल्ह्याने टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंसारखे शहीद दिले. गाव आपले नाही हे त्या आगीने शिकवले. शहरात येऊन टिकायचे तर नियमित पगार हवा होता. मिल, रेल्वे, एसटी, पोस्ट आणि टेलिफोन या खात्यांनी तो दिला. त्या पगारातून पत्र्याचे घर विटांचे झाले, मुली कॉलेजात गेल्या, विहारे बांधली गेली, जयंतीच्या वर्गणीची पहिली पावती फाटली. १९७८ मध्येच बामसेफची घोषणा झाली. समाजाच्या पगारदार वर्गाने समाजाचे ऋण फेडावे, हा तिचा पाया होता. आपल्या चळवळीचा खर्च कोणा उद्योगपतीने उचलला नाही. तो लाईनमनने, कंडक्टरने, शिक्षकाने, कारकुनाने उचलला. म्हणून पदे जातात तेव्हा घराची चूल जशी मंदावते, तसा चळवळीचा दिवाही मंदावतो.

आता ही पदे कशी गेली ते पाहू. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याचा कारभार काढून बीएसएनएल या कंपनीकडे दिला गेला. त्याआधी सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला होता. सरकारने पेन्शनची हमी दिली आणि लाखो सरकारी नोकर कंपनीचे नोकर झाले. खाउजा धोरणाचा तो ऐन भराचा काळ होता. तरीही कंपनी लगेच बुडाली नाही. २००४-०५ मध्ये तिला १० हजार कोटींहून अधिक निव्वळ नफा झाला होता. मग तोटा आला कुठून? खेड्यापाड्यातील तोट्यातले फोन चालवण्यासाठी तिला जो भरपाईचा निधी मिळत होता, तो २००८ पर्यंत संपवण्यात आला. २०१० मध्ये थ्रीजी आणि ब्रॉडबँड लहरींसाठी तिच्याकडून सुमारे १८,५०० कोटी रुपये घेतले गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ फोरजी घेऊन बाजारात आली, तेव्हा सरकारच्या स्वतःच्या कंपनीला फोरजीसाठी देशभर लहरी दिलेल्या नव्हत्या. पैलवानाचे हात बांधून आखाड्यात सोडायचे आणि हरला की त्याच्या खुराकाला दोष द्यायचा, असा हा न्याय आहे.

आमच्या या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. २०१९ च्या सुमारास बीएसएनएलच्या उत्पन्नातील सुमारे ७५ टक्के रक्कम पगारावर जात होती, खाजगी कंपन्यांत हे प्रमाण अगदी अल्प होते. मग कर्मचारी कमी करण्यावाचून पर्याय काय होता? हा आकडा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण पगाराचे प्रमाण वाढले ते पगार अवाच्या सवा झाले म्हणून की उत्पन्न कोसळले म्हणून, हे कोणी विचारत नाही. दुसरे असे की खाजगी कंपनीचा पगारखर्च कमी दिसतो, कारण तिचे खोदकाम, देखभाल, कॉल सेंटर, टॉवरची राखण हे सर्व ठेकेदाराच्या खात्यात लिहिलेले असते. माणूस तेवढाच राबतो. तो फक्त ‘कर्मचारी’ या रकान्यातून काढून ‘सेवाखर्च’ या रकान्यात टाकलेला असतो.

फेब्रुवारी २०१९ चा पगार बीएसएनएलच्या इतिहासात पहिल्यांदाच लांबला. त्यानंतर पगाराच्या तारखेचा भरवसा राहिला नाही. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली आणि ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या महिन्याभरात पन्नाशी ओलांडलेल्यांना स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय दिला गेला. झालेल्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा पगार सानुग्रह म्हणून मिळणार होता. निवृत्तीचे वय ५८ वर येणार, लांबच्या बदल्या होणार, अशा चर्चा त्या महिन्यात कर्मचाऱ्यांत जोरात होत्या. पगार थकलेला, घराचा हप्ता चालू, लातूरला मुलाच्या शिकवणीची फी भरायची, अशा स्थितीत घेतलेल्या निर्णयाला कागदोपत्री ‘स्वेच्छा’ म्हणतात. रक्कम मिळाली, पेन्शनही सुरू झाली. कोणी घर बांधले, कोणी मुलीचे लग्न केले, कोणी शिकवणीची फी भरली. त्या कुटुंबांचे व्यक्तिशः फार वाईट झाले असे नाही, आणि ज्यांनी योजना घेतली त्यांना दोष देण्याचा तर प्रश्नच नाही. पण बापाचे पद मुलाच्या पिढीसाठी राहिले नाही.

कंत्राटी कामगारांचे काय झाले? त्यांना कोणतीही योजना नव्हती. २०१९ मध्ये देशात अनेक ठिकाणी बीएसएनएलच्या कंत्राटी कामगारांची मजुरी महिनोन्‌महिने थकली. केरळात एका कंत्राटी सफाई कामगाराने कार्यालयातच जीवन संपवले. त्याची बातमी एक दिवस आली आणि विरली.

आमच्याकडे कायदेशीर सल्ल्यासाठी जे तरुण येतात, त्यांत मोबाईल टॉवरवर काम करणारे, फायबर टाकणारे, घरोघरी जोडणी देणारे असतात. ते कोणत्या कंपनीचे काम करतात हे येथे महत्त्वाचे नाही, कारण सर्वांची कहाणी सारखीच असते. नेमणुकीचे पत्र नाही. ठेकेदार बदलला की नोकरी नव्याने सुरू, मग दहा वर्षे राबूनही सेवा कायम एक वर्षाचीच. खात्यावर किमान वेतन पूर्ण जमा होते आणि त्यातले काही रोखीने परत मागितले जाते. पीएफ कापला जातो, भरला जातो की नाही ते कळत नाही. पट्टा नसताना टॉवरवर चढवले जाते, पडला तर तो कोणाचा माणूस, यावर कंपनी आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवतात. यातले कितीतरी जण पदवीधर आहेत. बाप सातवी नापास असून कायम होता, मुलगा बी.एस्सी. होऊन रोजंदार आहे. शिक्षण वाढले आणि हुद्दा घसरला, अशी उलटी गंगा आपल्या वस्त्यांतून वाहते आहे.

येथे कायद्याचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. आरक्षण रद्द झालेले नाही. कलम १६(४) जागेवर आहे, १५ टक्क्यांचा आदेशही आहे. पण आरक्षण लागू होते ते पदाला. ठेकेदाराने पुरवलेला माणूस कोणत्याही पदावर नसतो, म्हणून त्याला बिंदूनामावली नाही. संविधानाला हात न लावता आरक्षण निष्प्रभ करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्याला विरोध करायला मोर्चाही निघत नाही, कारण काढून घेतले म्हणून दाखवता येईल असे काही नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या स्टील अथॉरिटी निकालाने सांगितले की कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. २००६ च्या उमादेवी निकालाने मागील दाराने आलेल्यांना कायम करण्यास मनाई केली आणि मग तो निकाल हजारो कामगारांच्या तोंडावर फेकला गेला. अलीकडे मात्र वारे थोडे बदलले आहे. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगातील दीर्घकाळ राबलेल्या सफाई व बागकामगारांना न्याय दिला आणि उमादेवीचा आधार घेऊन कामगारांची पिळवणूक करता येणार नाही, असे बजावले. १९८७ च्या टेलिफोन रोजंदारांच्या निकालाचा धागा येथे पुन्हा जुळतो. आपल्या वकील बांधवांनी हे दोन्ही निकाल एकत्र ठेवून वाचावेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. तिच्यात धोका आहे. पूर्वी २० कंत्राटी कामगार असले की कायदा लागू होत असे, आता ५० लागतात. ठेकेदार ४९ वर थांबायला शिकेल. मुख्य स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार नकोत असे संहिता म्हणते, पण त्याला अपवाद इतके आहेत की दरवाजापेक्षा खिडक्याच मोठ्या झाल्या आहेत. दूरसंचार कंपनीत तारा जोडणे, टॉवर चालू ठेवणे हे मुख्य काम नाही तर कोणते आहे? हा प्रश्न कोणीतरी न्यायालयात विचारलाच पाहिजे. त्याचबरोबर हाती धरण्यासारखेही काही आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची मुख्य मालकाची जबाबदारी जुन्या कायद्याप्रमाणे पुढेही कायम आहे. दूरसंचार हा उद्योग औद्योगिक संबंध संहितेत केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे तक्रार केंद्रीय श्रम यंत्रणेकडे जाते. राज्याच्या कामगार कार्यालयात हेलपाटे घालून तरुणांचे महिने वाया जातात, ते टाळता येईल.

हे केवळ टेलिफोनपुरते आहे असे समजू नका. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला. मार्च २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि मराठवाड्याच्या तरुणांनी नोकऱ्यांची स्वप्ने पाहिली. पुढे तिथे वंदे भारत स्लीपर गाड्या बनवण्याचे काम एका रशियन कंपनीच्या भागीदारीतील कंपनीकडे गेले. जमीन सरकारची, शेड सरकारची, आणि गाड्या बनवणारा नोकर मात्र सरकारचा नाही. ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. राज्यभर असंतोष झाला आणि २० ऑक्टोबरला तो मागे घ्यावा लागला. आवाज उठवला तर सरकार मागे हटते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

इकडे बीएसएनएलची गोष्ट संपलेली नाही. २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीत कंपनीला २६२ कोटींचा नफा झाला, २००७ नंतर पहिल्यांदाच. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तिचे स्वदेशी फोरजी जाळे वाजतगाजत सुरू झाले. देशभर सुमारे ९७ हजार टॉवर त्यात आहेत. कंपनीच्या पुनरुज्जीवनासाठी लाखो कोटींचा जनतेचा पैसा ओतला गेला, त्यात आपल्या करांचाही पैसा आहे. तोटा होता तेव्हा पदे गेली, मग नफा आला तेव्हा पदे का येत नाहीत? हा साधा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. ‘आरक्षण वाचवा’ या घोषणेला ‘पद वाचवा’ ही जोड द्या, नाहीतर पहिली घोषणा पोकळ ठरेल. नांदेड आणि लातूर येथील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागाव्यात: ३१ जानेवारी २०२० पूर्वी जिल्ह्यात मंजूर पदे किती होती, आज किती आहेत, त्यांतील अनुसूचित जाती-जमातींचा अनुशेष किती, आणि कोणकोणत्या ठेकेदारांमार्फत किती कामगार घेतले आहेत. खाजगी टॉवर कंपन्यांना हा कायदा लागू नाही, तिथे नेमणूकपत्र आणि पगारपावती यांवरच लढाई उभी करावी लागेल. पेन्शन घेणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्यांना आमची विनंती आहे. तुम्ही संघटना चालवल्या, रोस्टर तपासले, खटले लढलात. तुमच्याकडे वेळ आहे आणि अनुभवही आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसा आणि वस्तीतील कंत्राटी मुलांचे कागद पाहा. पीएफचे खाते उघडून बघा, हजेरीची नोंद ठेवायला शिकवा, मजुरीचा हिशेब वहीत लिहून घ्या. १९८७ चा खटला ज्यांनी जिंकला, त्यांच्याजवळही सुरुवातीला एवढेच होते: मस्टरवरची नावे आणि कामाच्या दिवसांचा हिशेब. तो हिशेब आज पुन्हा लिहायला घेतला पाहिजे.